पौषातील गृहप्रवेश

नव्या घरात राहायला जाण्यासाठी काळ शुभ असावा लागतो काय, आणि लागत असेल तर ज्याला काळ निवडण्याची मुभाच नाही अशा माणसाच्या गृहप्रवेशाकडे धर्मशास्त्र कोणत्या दृष्टीने पाहते, हा प्रश्न वरवर पंचांगाचा वाटतो. परंतु तो थोडा खोलात जाऊन तपासला की घर कशाने घर होते आणि त्या होण्यावर कोणाचा अधिकार चालतो, या मूळ प्रश्नांपाशी तो येऊन ठेपतो. जुन्नर तालुक्यातील ओतूर आणि तेथून पूर्वेस व दक्षिणेस आंबेगावपर्यंत पसरलेला बागायती पट्टा या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयोगी आहे. या पट्ट्यात गावातली कुटुंबे नवी वास्तू बांधून झाली तरी पौष उलटेपर्यंत थांबतात, माघातला दिवस धरतात आणि मग वास्तुशांत करून राहायला जातात. त्याच पौषात, गावापासून हाकेच्या अंतरावर, उसाच्या फडालगत दूरच्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभारून त्यांत संसार मांडतात, आणि त्यांच्यासाठी कोणी पंचांग उघडत नाही.

मुहूर्ताचे शास्त्र या बाबतीत काय सांगते ते प्रथम पाहिले पाहिजे. रामदैवज्ञाने १६०० मध्ये काशीत रचलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेला ‘धर्मसिंधु’ हे ग्रंथ महाराष्ट्रातील पुरोहितांच्या नित्य वापरातले आहेत. मुहूर्तशास्त्रात गृहप्रवेशाचे तीन प्रकार मानले जातात: अगदी नव्या घरातील प्रवेश तो अपूर्व, प्रवासाहून परतल्यावर आपल्याच घरात होणारा तो सपूर्व, आणि आग किंवा पूर यांनी नासलेले घर दुरुस्त करून त्यात पुन्हा जाणे तो द्वंद्व. अपूर्व प्रवेशाला माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ हे महिने उत्तम, कार्तिक व मार्गशीर्ष मध्यम, आणि पौष वर्ज्य समजला जातो. पौषाच्या या वर्ज्यतेला धनुर्मासाची जोड मिळते. सूर्य धनू राशीत असतो तो काळ म्हणजे धनुर्मास, साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा. उत्तरायण हा देवांचा दिवस आणि दक्षिणायन ही त्यांची रात्र अशी कल्पना असल्यामुळे धनुर्मास ही देवांची पहाट ठरते, आणि पहाट ही उपासनेची वेळ असल्याने त्या काळात लग्न, मुंज, वास्तू अशी सांसारिक कार्ये करू नयेत असा त्यामागचा विचार आहे. मराठी घरांत सूर्योदयापूर्वी बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि मुगाची खिचडी यांचा नैवेद्य दाखवून जेवण्याची जी धुंधुरमासाची चाल आहे, ती याच कल्पनेतून आलेली आहे. अलीकडे या निषेधामागे थंडी, ओल किंवा आरोग्य यांची कारणे शोधण्याची हौस दिसते. परंतु निषेधाचे स्वतःचे तर्कशास्त्र दिवस आणि रात्रीच्या दैवी मापाचे आहे, आणि त्याला परक्या कारणांचा टेकू देणे हे त्याला समजून घेणे नव्हे.

आता दुसरी बाजू पाहावी. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगा या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या शेतीचे रूप पालटले, बाजरी-हरभऱ्याच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे विघ्नहर तर आंबेगाव तालुक्यात पारगाव येथे भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने चालू लागले. दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगामाची तयारी होते, बॉयलरचे अग्निप्रदीपन एखाद्या दांपत्याच्या हस्ते पूजा करून होते, गव्हाणीत पहिली मोळी टाकली जाते, आणि बीड, अहिल्यानगर, जळगाव यांसारख्या जिल्ह्यांतून मुकादमाची, म्हणजे मजूर पुरविणाऱ्या ठेकेदाराची, उचल घेतलेल्या टोळ्या येऊन दाखल होतात. उचल म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढे तोडणीच्या मजुरीतून फेडायची असते; त्यामुळे घर सोडण्याचा दिवस मजुराच्या हाती राहत नाही. बांबूच्या कामट्या, चटया, पाचट आणि ताडपत्री यांची, वाकून आत शिरावे लागेल अशी कोपी उभी राहते, पुढची जमीन सारवली जाते, तीन दगडांची चूल मांडली जाते. एका गावातला ऊस संपला की तळ हलतो आणि कोपी उलगडून पुढच्या शिवारात पुन्हा उभारली जाते, मग महिना मार्गशीर्ष असो की पौष. माळशेजच्या बाजूने उतरणारा वारा आणि पाटपाण्याने भिजलेली रानातली जमीन यांमुळे ओतूरच्या शिवारातील पौषाची रात्र पाचटाच्या आड कशी जात असेल, हे भिंतींच्या आड राहणाऱ्याला कल्पनेनेच जाणावे लागते.

या कोपीत शिरणे हा गृहप्रवेश आहे काय? नाही म्हणणाऱ्याचा युक्तिवाद असा असेल की गृह म्हणजे स्थिर वास्तू, जिच्याखालची भूमी गृहस्थाच्या मालकीची आहे आणि जिच्यात त्याच्या पुढच्या पिढ्या राहणार आहेत. कोपी ही निवाऱ्याची तात्पुरती सोय आहे, तिला संस्कार कसला. हा युक्तिवाद आजच्या मनाला पटकन पटतो, पण परंपरेच्या जुन्या थरांत त्याला आधार सापडत नाही, आणि हे नीट पाहण्यासारखे आहे. अथर्ववेदात घराविषयीची, म्हणजे शालेची, जी सूक्ते आहेत त्यांतील तिसऱ्या कांडातले सूक्त घराला येथेच घट्ट उभे राहा असे विनविते आणि पाण्याने भरलेले कुंभ व अग्नी यांच्यासह त्यात प्रवेश करविते. नवव्या कांडातले सूक्त मात्र याच्या अगदी उलट, घराच्या गाठी सोडण्याचे, त्याचे बांध एकेक करून मोकळे करण्याचे आणि ते दान देऊन अन्यत्र नेण्याचे आहे. त्या सूक्तातील घर वेळूचे, गवताचे, चटयांचे आणि दोरांनी बांधलेले आहे, त्या घरालाच देवी म्हणून संबोधले आहे, आणि शेवटी नववधूला न्यावे तसे त्याला हव्या त्या ठिकाणी नेले जाते. म्हणजे ज्या काळात घराला प्रथम पवित्र म्हटले गेले, त्या काळातले घर सोडता येणारे आणि वाहून नेता येणारे होते, आणि या चलपणामुळे त्याच्या पावित्र्याला बाध येतो असे सूक्तकर्त्याला वाटले नाही.

हिवाळ्याविषयीही असेच आहे. गृह्यसूत्रे म्हणजे घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे प्राचीन ग्रंथ. त्यांतील आश्वलायनाच्या सूत्रात प्रत्यवरोहण नावाचा एक विधी सांगितला आहे, ज्याचा अर्थ पुन्हा खाली उतरणे असा होतो. श्रावणात सर्पबली दिल्यानंतर पावसाळाभर सापांच्या भयाने माणसे उंच बिछान्यावर निजत, आणि मार्गशीर्षाच्या चतुर्दशीला किंवा पौर्णिमेला घर सारवून, नवी गवताची शेज पसरून, पुन्हा भुईवर निजायला येत. सूर्यास्तानंतर खिरीची आहुती देत, भूमीने सुखद व्हावे अशी प्रार्थना करीत, आणि गृहपती हेमंत ऋतूला उद्देशून, त्याने आपल्यावर प्रसन्न असावे, असे मनात चिंतन करी. मग घरातील माणसे वयाच्या क्रमाने त्या शेजेवर आडवी होत. हा विधी आज लुप्त आहे, परंतु त्याचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे, कारण त्यात थंडीच्या ऋतूत जमिनीच्या जवळ राहायला येणे हेच संस्काराचे निमित्त झाले आहे. तेथे ऋतू निषिद्ध ठरलेला नाही. त्याच्याशी बोलायचे आहे, त्याची कृपा मागायची आहे. नंतरच्या मुहूर्तशास्त्राने काळाचे शुभ व अशुभ असे वाटप केले, आणि ऋतूशी असलेले हे बोलणे हळूहळू थांबले. काळ टाळण्याची सोय ज्याच्यापाशी आहे त्यालाच हे नवे शास्त्र उपयोगी पडते. ज्याला टाळता येत नाही त्याच्यासाठी जुना विधी अधिक सहृदय होता, असे म्हणणे भाग आहे.

तरीही मुहूर्तशास्त्राने गवताच्या घराचा विचारच केला नाही असे नाही. मुहूर्तग्रंथांच्या परंपरेत एक वचन उद्धृत केले जाते, त्याचा आशय असा की दगडाविटांची घरे निंद्य महिन्यांत आरंभू नयेत, परंतु गवत व लाकूड यांच्या घराला आरंभ करताना महिन्याचा दोष लागत नाही. वचन घर बांधायला घेण्याविषयीचे आहे, प्रवेशाविषयीचे नव्हे; पण जे घर सकाळी बांधायला घेतले जाते आणि त्याच रात्री ज्यात निजावे लागते, त्याच्या बाबतीत आरंभ व प्रवेश हा भेद उरत नाही. तेव्हा शास्त्राच्या शब्दानेच कोपी पौषाच्या दोषातून मुक्त आहे. प्रश्न असा की ही मुक्तता कोणत्या भावनेने दिलेली आहे. एका अर्थाने ती करुणा आहे: ज्याला पाऊस, थंडी किंवा पोट यांमुळे आजच छप्पर हवे आहे त्याला शास्त्राने अडवू नये, आपद्धर्म म्हणजे संकटकाळी लागू होणारा सौम्य धर्म त्याला मिळावा. दुसऱ्या अर्थाने ती उपेक्षा ठरू शकते: असे घर इतके क्षुल्लक आहे की त्याला दोष लागण्याइतकेही महत्त्व नाही, कारण ज्याला दोष लागत नाही त्याला पुण्यही लागत नाही, असे कोणी म्हणू शकेल. वचनाच्या शब्दांवरून या दोहोंतील निवड होत नाही. ती त्या वचनाचा उपयोग करणाऱ्या समाजाच्या वागण्यावरून होते. कोपीला महिन्याचा दोष नाही म्हणून तिच्यात राहणाऱ्यांची शांती करण्याची गरजही नाही, असा अर्थ काढला गेला असेल तर उपेक्षेचा अर्थ खरा ठरला. आणि आजवर जवळजवळ सर्वत्र तोच काढला गेला आहे.

वास्तुशांतीचे अंतरंग पाहिले की ही उपेक्षा किती विपरीत आहे ते ध्यानात येते. मत्स्यपुराणातील कथेनुसार अंधकासुराशी झालेल्या युद्धात शिवाच्या घामाच्या थेंबापासून एक भुकेला पुरुष जन्मला, तो सर्व काही गिळू लागला तेव्हा देवांनी त्याला भूमीवर पालथा पाडून त्याच्या अंगावर ठाण मांडले, आणि त्या दडपलेल्या पुरुषाला घर बांधणाऱ्यांकडून बली मिळेल असे वचन दिले, हाच वास्तुपुरुष. मराठी घरांत तो सदैव तथास्तु म्हणत असतो अशी श्रद्धा आहे, म्हणून घरात अभद्र बोलू नये असे वडीलधारे सांगतात. कथेचा गाभा असा की प्रत्येक घर कोणाच्या तरी अंगावर उभे असते, आणि त्या भुकेल्याचे ऋण मान्य करून त्याला अन्न दिल्याशिवाय तेथे राहता येत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वास्तोष्पतीला, म्हणजे निवासाच्या अधिपतीला, उद्देशून असलेल्या प्रार्थनेतही रोगमुक्ती आणि दोन पायांच्या व चार पायांच्या प्राण्यांचे क्षेम एका दमात मागितले आहे. जुन्नरच्या डोंगरांत ज्यांच्यासाठी इसवी सनाच्या आगेमागे लेणी कोरली गेली त्या बौद्ध भिक्षूंच्या विनयातही, भिक्षूने स्वतःसाठी कुटी बांधताना तिचे माप मर्यादित ठेवावे आणि जागा जीवजंतूंना उपद्रव न करणारी आहे याची खातरी संघाकडून करून घ्यावी असा दंडक आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी येथील त्या अरुंद कोठड्यांमध्ये राहणारे भिक्षू घर सोडून आलेले होते, आणि त्यांना निवारा देणे हे पुण्य मानून व्यापारी, अधिकारी आणि यवन म्हणजे ग्रीकवंशीय दाते यांनी दाने दिल्याचे शिलालेख तेथे आजही वाचता येतात. फिरत्या माणसाला छप्पर देणे ही या भूमीवरची फार जुनी धर्मकृती आहे.

जागेवर आधी कोण राहते हा प्रश्न ओतूरच्या परिसरात केवळ पुराणातला राहिलेला नाही. उंच, दाट आणि पाण्याजवळच्या उसात बिबट्याच्या माद्या वितात. हिवाळ्यात तोडणी सुरू झाली की ज्या दिवसांत मजुराची कोपी उभी राहते त्याच दिवसांत मादीचे घर कोयत्याखाली नाहीसे होते. फडात बछडी सापडली की काम थांबवून वनविभागाला कळविले जाते, माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातील माणसे ती तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात. दुसरीकडे, दार नसलेल्या कोपीत निजलेल्या किंवा फडाच्या कडेला ठेवलेल्या मुलांवर बिबट्याने झडप घातल्याच्या घटना या तालुक्यांत घडलेल्या आहेत. बछड्यांना आईकडे पोहोचविण्याची दक्षता योग्यच आहे. पण मजुराच्या मुलाला दार मिळावे ही दक्षता तिच्याइतकी निश्चित झालेली नाही, आणि दोन पायांच्या व चार पायांच्या जीवांचे क्षेम एकत्र मागणाऱ्या परंपरेला हे असह्य वाटले पाहिजे.

कोपीत राहणाऱ्यांच्या अधिकाराचा आणखी एक पैलू आहे. मीमांसाशास्त्रात अधिकारी म्हणजे एखादे कर्म करण्यास आणि त्याचे फळ भोगण्यास पात्र असलेली व्यक्ती, आणि गृह्यकर्मांत तो अधिकार पतिपत्नी मिळून पुरा होतो. पत्नीशिवाय अग्नी नाही, आणि गृहिणीमुळेच घराला घरपण येते असे सुभाषितकारही म्हणतात. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, उचल पुरुषाच्या नावे होते, आणि मोळ्या वाहणाऱ्या, पहाटे चूल पेटविणाऱ्या, लेकरे सांभाळणाऱ्या बाईचे नाव बहुधा हिशोबात येत नाही. धर्मशास्त्राने स्त्रीला दिलेले स्थान अनेक अंगांनी तोकडे होते यात शंका नाही. परंतु जोडीला एक मानण्याच्या त्या कल्पनेत तिच्यावाचून कर्म थांबते एवढी तरी कबुली होती, आणि कोयत्याच्या मोजणीत ती कबुलीही उरलेली नाही. अथर्ववेदातील प्रवेशविधीत पाण्याने भरलेला कुंभ घेऊन पुढे होणारी स्त्रीच आहे. शेजारच्या विहिरीवरून किंवा पाटावरून हंडा आणून, चूल पेटवून, पहिली भाकरी थापणारी बाई त्या विधीतील प्रत्येक आवश्यक अंग पुरे करते: पाणी, अग्नी आणि अन्न. राहिले मंत्र, आणि मंत्राभावी कर्म निष्फळ होते असे म्हणणाऱ्याने वारकरी परंपरेचे उत्तर ऐकावे.

ते उत्तर ओतूरमध्येच आहे. मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या मंदिराजवळ, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आणि तुकोबांना ज्यांनी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात अनुग्रह दिला ते हेच सद्गुरू अशी वारकऱ्यांची दृढ श्रद्धा आहे. हा अनुग्रह मंडपात झाला नाही, त्यासाठी सामग्री जुळविली गेली नाही, आणि दिलेला मंत्रही रामकृष्णहरी हा, कोणालाही कोठेही उच्चारता येईल असा होता. नामाला अधिकारभेद नाही, स्थळाची वा काळाची अट नाही, ही वारकरी विचाराची भूमिका तेथून अधिकच उजळून निघते. ज्या नदीच्या काठी ही समाधी आहे तिच्याच खोऱ्यातील कोपीत, भाकरी टाकताना कोणी नाम घेतले, तर त्या घराला मंत्र मिळाला नाही असे म्हणण्याचा अधिकार निदान या परंपरेत कोणाला नाही.

मराठवाड्याच्या लोकधर्माने तर याहून पुढचे पाऊल टाकलेले आहे. लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागांत मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे पौष लागण्याच्या आदल्या दिवशी, वेळ अमावास्या साजरी होते. शेतात कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवितात, आणि वाटसरूलाही हाक मारून जेवू घालतात. भर थंडीत, उघड्या रानात, कडब्याच्या आडोशाला देव बसविणाऱ्या या सणाला महिन्याचा किंवा छपराचा कमीपणा वाटत नाही. देवाला चालणारे घर माणसाच्या बाबतीत मात्र घरच नव्हे असे ठरविण्याला मग कोणता आधार उरतो?

येथे जबाबदारीचा मुद्दा उपस्थित होतो, आणि तो मजुरापेक्षा यजमानाकडे अधिक वळतो. पंचमहायज्ञ, म्हणजे गृहस्थाने रोज करावयाचे पाच यज्ञ, यांत अतिथीला अन्न देणे आणि भूतमात्रांसाठी बली ठेवणे यांचा समावेश आहे. सर्वांना देऊन उरलेले खाणे हाच गृहस्थाचा आहार मानलेला आहे. ज्याच्या शेतात कोपी उभी राहते आणि ज्याचा ऊस त्या कोपीतील हात तोडतात, तो शेतकरी व त्याचा कारखाना या अर्थाने त्या घराचे यजमान आहेत, कारण गृहप्रवेश करणाऱ्याने जागा निवडलेली नाही, महिना निवडलेला नाही, ते दोन्ही त्यांनी निवडले आहेत. मुहूर्त ज्याने ठरविला त्याच्याकडे त्या मुहूर्ताचा दोष जातो, हे तत्त्व मान्य केले तर पौषातील त्या प्रवेशाचा दोष मजुराला लागत नाही. तो यजमानाला लागतो आणि त्याची शांती करणे यजमानाचे कर्तव्य ठरते. निर्णयग्रंथांची परंपरा नव्या परिस्थितीला नवा निर्णय देण्यासाठीच वाढली. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ आणि पुढे काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला तो आपापल्या काळातील माणसांच्या अडचणी समोर ठेवूनच. आजचा निर्णयकार या विषयावर लिहू बसला, तर तृणगृहाला महिन्याचा दोष नाही या वचनापाशी त्याला थांबता येणार नाही. त्या वचनापुढे जाऊन त्याला यजमानासाठी विधी लिहावा लागेल, आणि त्या विधीत कोपीला दार, पहिल्या रात्रीपूर्वी दिवा, हाताच्या अंतरावर स्वच्छ पाणी, ओल न येणारी उंच भुई, मुलांना दिवसभर राहण्यासाठी बंदिस्त जागा, आणि हिशोबाच्या वहीत कोयत्याच्या दोन्ही नावांची नोंद ही अंगे वास्तुशांतीतील आहुतींइतकीच अनिवार्य म्हणून सांगावी लागतील.